जाऊबाईंचा पाय

माझ्या जाऊबाई, अन्नपूर्णाबाई, पायाळू होत्या. सगळं जग डोकं पुढं करून जन्माला येतं, या बाई पाय पुढं करून आल्या. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण निघून जाते, असं आमच्याकडे मानतात. गवताचा भारा उचलताना कमरेत चमक भरली, विहिरीवर वाकता वाकता पाठ धरली, की लोक वैद्याच्या आधी पायाळूचं घर विचारतात. धामणगाव बढ्यात ते घर आमचं होतं, आणि हे मला लग्न ठरवताना कोणी सांगितलं नव्हतं.

मी मेहकरची. वडील शाळामास्तर, त्यामुळे दोन अक्षरं येत होती आणि त्याचा तोराही होता. सासरी पहिल्याच सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा पालथा पडलेला. मला वाटलं, मेला. मी अशी किंकाळी फोडली की गोठ्यातली बैलं उभी राहिली. जाऊबाई आतून आल्या, हाताला ज्वारीचं पीठ तसंच. त्यांनी लुगडं घोट्यावर उचललं, उजव्या हातानं दाराची चौकट धरली आणि त्या मेलेल्या म्हाताऱ्याच्या कमरेवर डावा पाय ठेवला. म्हाताऱ्यानं मोठा सुस्कारा टाकला, "हां बाई, अथीच, अथीच." मग तो उठला, टोपी झटकली, आणि जाऊबाईंनी वाकून त्याच्या पायाला हात लावला. वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला की नमस्कार करायचा, ही रीत त्यांनी कधी मोडली नाही. आधी पाठीवर पाय आणि मग पायावर हात, असा त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

या कामाचं काही घ्यायचं नाही, असा नेम होता. तरी लोक रिकाम्या हातानं यायला लाजत आणि भाजी घेऊन येत. आमचा स्वतःचा मळा वांग्यांनी भरलेला, आणि आमच्याच उंबऱ्यावर गावाची वांगी! मी वैतागायची. जाऊबाई म्हणायच्या, "राहू दे वं विमल. त्यायचं वांगं गोड लागते."

पाय ठेवताना त्या डोळे मिटायच्या. नुसता पाय आपटून मोकळं होणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. पाठीच्या मधल्या हाडावर त्यांनी कधी भार दिला नाही. हाडाच्या दोन्ही अंगांनी जे मांस असतं, त्याच्यावरून तळवा हळूहळू खाली न्यायच्या, टाचेनं थोडं दाबायचं, थोडं सोडायचं. चेहरा असा व्हायचा की बाई इथं नाहीतच, कुठं तरी लांब ओलवणीच्या, पाणी दिलेल्या शेतातून चालल्या आहेत. आणि त्या झोपेतल्यासारखं बोलायच्या. "अथी गाठ हाय. ही भीतीची हाय, कामाची नोहे. अथी काही नाही, मोकळं रान हाय." मी मास्तराची मुलगी, मला हसू यायचं. पण हसता हसता मीही भाकरी थापायची थांबून ऐकत राहायची, आणि तव्यावरची भाकरी करपायची.

कधी कधी त्या पाय मागं घ्यायच्या. शेषराव नावाचा एक जवान गडी चिंचेवरून पडला, त्याला चौघांनी उचलून आणलं. एक पाय त्याला आपला वाटत नव्हता, चिमटा घेतला तरी कळत नव्हता. जाऊबाईंनी पाय ठेवला नाहीच, खाली बसून हातानं पाठ चाचपली आणि म्हणाल्या, "याच्या हाडात पायरी पडली. याले हालवू नका. दाराच्या फळीवर निजवा अन् बुलढान्याले न्या." लोक म्हणाले, बाई, नुसता लावून तर पाहा. त्या ऐकेनात. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात शेषरावला कितीतरी महिने ठेवून घेतलं, आणि पुढं तो चालत गावात आला. गावानं जाऊबाईंच्या पायाचा महिमा आणखी वाढवला, आणि पाय तर त्यांनी लावलाच नव्हता.

त्यांची स्वतःची मात्र एक समजूत होती. पाऊस पडून गेला असं सांगावं, तितक्या सहज त्या सांगायच्या, "दुखनं पाठीतून निघते, तं जाईन कुठी? माह्या तळपायात उतरते. मंग वर चढते हळूहळू." मी म्हणायची, "मग कशाला घेता?" त्या म्हणायच्या, "माह्या पायाले जागा हाय वं." नवी नवरी असल्यापासून त्या हे सगळ्यांना सांगत आल्या होत्या.

आता माझ्या भासऱ्यांचं सांगते. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात, आणि धाकट्या भावजयीनं त्यांच्याशी तोंड वर करून बोलू नये, अशी रीत. त्यांचं नाव उकंडराव. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललेला हा मुलगा. देवाला वाटावं, टाकाऊच आहे, कशाला न्यायचा. उंच, मोठ्या मिशांचे, बोलायला महाग. मळ्यातली मोट त्यांच्याकडे. बैल विहिरीच्या धावेवरून, त्या उतारावरून, निघाले की ते नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसून खाली जायचे आणि पुन्हा बैलांबरोबर मागं चढायचे, सकाळपासून ऊन डोक्यावर येईतो.

या माणसानं बायकोचा पाय पाठीला कधी लावून घेतला नाही. पंचक्रोशीतली माणसं रोहिणखेडहून बैलगाडी करून त्या पायाखाली येऊन पडत होती, आणि घरधनी मात्र सकाळी त्या पालथ्या माणसांना वळसा घालून मोटेकडे निघून जायचे. कोणी टोमणा मारलाच तर मिशीला हात लावून म्हणायचे, "बायकोच्या पायाखाली जाऊ का मी?" गाव म्हणायचं, दिव्याखाली अंधार. मला तर असा राग यायचा! बोलता येत नव्हतं, म्हणून मी भांडी आपटायची. त्यांना ऐकू जावं म्हणून पितळेचीच आपटायची.

जाऊबाई काही बोलायच्या नाहीत. फक्त एकदा, लुगडी वाळत घालताना, म्हणाल्या, "साऱ्या गावाची पाठ मले ठाऊक हाय. एक त्यायचीच नाही." आणि लुगड्याच्या मागं गेल्या. मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

मग एका वर्षी पावसाळा उलटता उलटता त्यांचे गुडघे धरले. आधी सकाळी उठताना आखडायचे, चार पावलं टाकली की सुटायचे. मग जिना चढताना वाजायला लागले, वाळक्या शेंगेसारखे. मग खाली बसलं की उठवेना. जाऊबाईंचं सगळं आयुष्य उकिडवं बसण्यात गेलेलं. चुलीपुढं उकिडवं, वांगी खुडताना उकिडवं, कोथिंबिरीच्या वाफ्यात उकिडवं. मळा हेच त्यांचं माहेर आणि मळा हेच देऊळ. दिवाळीच्या सुमारास त्या मळ्याच्या वाटेवर अर्ध्यात बसल्या, त्यांना तिथून माझ्या नवऱ्यानं, अर्जुनरावांनी, गाडीत घालून आणलं. त्यानंतर मळा सुटला.

शेजारच्या झुंबरबाईंनी बिब्बा गरम करून दोन्ही गुडघ्यांना लावला. बिब्बा उतला, फोड आले, पाणी सुटलं, आणि मूळ दुखणं तिथंच. रोगापेक्षा इलाज भयंकर. फोड बरे होईपर्यंत जाऊबाई बाजेवर पडून राहिल्या, आणि फोड बरे झाले तरी पडूनच राहिल्या. पाठी घेऊन येणारी माणसं दारातून परत जाऊ लागली. पायाचा गुण संपला, असं कुजबुजू लागली.

मी त्यांना म्हटलं, "जरा उठून बघा की."

"कशी उठू? हे दुखनं माहं असतं तं उठली असती," त्या शांतपणे म्हणाल्या. "लोकायचं हाय हे. येवढ्या वरसाचं साचलं. आता वर निघालं, मांडीपर्यंत आलं. मळा संपला माहा, विमल."

त्या अंगणातल्या लिंबाच्या सावलीत बाजेवर पडून असायच्या. दुपारी मी मळ्यातून आले की डोळे न उघडता विचारायच्या, "वांग्याले फूल आलं का? पाटाचं पानी शेवटल्या वाफ्यात पोचते का?" मी सांगायची आणि त्या माझ्या शब्दांवरून वाफ्यावाफ्यानं चालत जायच्या. ओठ हलायचे. मी एखादा वाफा गाळला तर त्या थांबायच्या. "मिरचीतून गेली नाही तू," म्हणायच्या, आणि मला परत मिरचीतून जावं लागायचं. एका दुपारी त्यांना झोप लागली आणि जाग आल्यावर म्हणाल्या, "मी मळ्यात चालून राह्यली होती. वाट सारी पाठीची. मानसं पालथी निजली, एकाला लागून एक, अन् मी त्यायच्यावरून चालून राह्यली. सारी गरम होती. कोनीच म्हने ना, बाई, उतर." आणि त्या हसल्या. मला रडू आलं. त्या बाईला पुन्हा मळा दिसणार का, याशिवाय त्या घरात तेव्हा दुसरा प्रश्न नव्हता. निदान मला तरी दुसरा सुचत नव्हता.

भासऱ्यांनाही सुचत नसावा. कारण एका पहाटे त्यांनी दमणी, आमची लहान बैलगाडी, जुंपली, आत कडबा आणि वर गोधडी घातली, आणि अर्जुनरावांना सांगितलं, "बुलढान्याले नेतो. विमलले म्हन, संग चल." मी तिथंच उभी होते, पण रीत म्हणजे रीत.

मोताळ्याला मुक्काम करून दुसऱ्या सकाळी राजूरच्या घाटाला लागलो. धुकं असं उतरलं होतं की बैलांची शिंगं तेवढी दिसत होती. जाऊबाई गोधडीतून हात बाहेर काढून धुकं चाचपत होत्या. "हे काऊन मळ्यात येत नाही?" म्हणाल्या. भासरे गाडीच्या पुढं चालत होते. चढावर बैलांना ओझं नको म्हणून ते अख्खा घाट पायी चढले. चढताना मधेच थांबायचे आणि कमरेवर डावा हात ठेवून उभे राहायचे. मला वाटलं, घाट बघत आहेत.

दवाखान्यातला डॉक्टर नागपूरकडचा, तरुण, चष्म्याचा. जाऊबाईंनी त्याला आपलं सगळं सांगितलं, पायाळूपण, पाठी, उतरलेलं दुखणं. त्यानं हसण्यावारी नेलं नाही. गुडघे वाकवून पाहिले, हाताची पालथी बाजू लावून गरम आहेत का बघितलं, सूज बघितली. मग त्यानं मांडी दाबून पाहिली आणि म्हणाला, "दुखतंय गुडघ्यात, पण वाळलंय इथं. हाडांची टोकं वयानं आणि उकिडवं बसून थोडी खडबडीत झाली आहेत, ती काही पुन्हा गुळगुळीत होणार नाहीत. पण शरीराचा भार मांडीच्या मांसानं पेलायचा असतो. तुम्ही पडून राहिलात, मांडी वाळली, आणि सगळा भार हाडावर आला. म्हणून आणखी दुखतंय, आणि दुखतंय म्हणून तुम्ही आणखी पडून राहता."

"मंग?" जाऊबाई.

"मग उठायचं. बाजेवरून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. आधाराला धरून एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. सकाळी मिठाच्या पुरचुंडीनं शेकायचं आणि थोडं चालायचं, रोज थोडं जास्त. उकिडवं बसायचं नाही, बसायला उंच घ्यायचं. थोडं दुखेल, घाबरायचं नाही. गुडघा सुजून गरम झाला तर मात्र एक-दोन दिवस दम घ्यायचा. पूर्वीसारखे होणार नाहीत गुडघे. पण चालाल."

जाऊबाईंनी मान हलवली, नको म्हणून. "डॉक्टरसाहेब, तुमी म्हनता ते माह्या दुखन्याचं. हे लोकायचं हाय."

तेव्हा डॉक्टर म्हणाला, "बाई, खरूज एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते. ताप जातो. पाठीतली उसण कोणाच्या पायातून कोणाच्या गुडघ्यात जात नाही."

कोपऱ्यात पागोटं हातात घेऊन उभे असलेले भासरे पुढं आले. "नक्की ना साहेब?"

"नक्की."

आम्ही गाडीत बसलो. बैल निघणार तेवढ्यात भासरे पुन्हा उतरून दवाखान्यात गेले. मी गाडीच्या मागच्या बाजूला होते, दवाखान्याचं दार समोरच उघडं होतं. त्यांनी पुन्हा तेच विचारलेलं मी ऐकलं. "एकाचं दुखनं दुसऱ्याच्या अंगात उतरत नाही. हेच म्हनले ना तुमी?" डॉक्टरानं पुन्हा तेच सांगितलं. मला वाटलं, किती हा अडाणीपणा. माणसाला एकदा सांगून कळू नये?

घरी आल्यावर जाऊबाईंनी डॉक्टरचं एकही ऐकलं नाही. "नुसतीच उठू-बसू? मास्तरनं शिक्षा केली का मले?" मी शेकायला बसायची, तेवढं करू द्यायच्या. मी हात धरून उठवायला गेले तर अंग सोडून द्यायच्या, पाण्यानं भरलेल्या मोटेसारखं.

आणि मग एका सकाळी मी दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर भासरे पालथे पडलेले.

या वेळी मी किंचाळले नाही, पण हातातला तांब्या सुटला. जाऊबाई बाजेवरून ओरडल्या, "काय झालं वं?"

"उसन भरली," भासरे जमिनीकडे तोंड करून म्हणाले. "उजव्या अंगाले. लय जोराची. पाय दे."

कोणी तरी बातमी फोडलीच असणार, कारण विस्तव मागायला म्हणून झुंबरबाई आल्या, आणि त्यांच्या घरात तर चूल केव्हाची पेटलेली होती. सगळ्यांच्या देखत, मिशा धुळीत टेकवून, उकंडराव पायाची वाट बघत पडून राहिले. जाऊबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्या बाजेच्या गाताला, कडेच्या लाकडाला, धरून उठल्या. मी धावले, तर त्यांनी मला नजरेनंच थांबवलं. एक पाऊल, दुसरं पाऊल, मग दाराची चौकट. चौकटीला दोन्ही हातांनी धरून त्यांनी डावा पाय उचलला. उजवा गुडघा लटलटत होता. पायाची बोटं तेवढी त्या उजव्या अंगाला लागली आणि लगेच खाली आली.

"गेली," भासरे म्हणाले, उठले, धूळ झटकली आणि मोटेकडे निघून गेले.

जाऊबाई बाजेवर बसून हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "पाठीत काही नाही त्यायच्या," मला म्हणाल्या. "सोंग करून राह्यले."

"मग पाय कशाला दिला?"

"मानूस येऊन पडला पायापाशी. नाही कसं म्हनू? अन् येवढ्या वरसांनी आले."

दुसऱ्या दिवशी पुन्हा उसण. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज उजव्या अंगालाच. काल संध्याकाळी शेणखताच्या पाट्या भराभर डोक्यावर घेणारा माणूस सकाळी उंबऱ्यावर कण्हत पडलेला, हे मी डोळ्यांनी बघत होते. अर्जुनराव म्हणायचे, "दादाची पाठ काचेची झाली." पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, भासऱ्यांना कण्हण्याचंही आणता येत नव्हतं, ते गुरं हाकल्यासारखं कण्हायचे. पण जाऊबाई रोज उठायच्या. मग भासऱ्यांनी नवं काढलं, "डाव्या पायाचा गुन कमी झाला. आज उजवा दे." पायाळूचा डावाच पाय लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण जाऊबाईंनी मुकाट्यानं उजवा दिला. डॉक्टरनं दोन्ही पायांवर उभं राहायला सांगितलं होतं, हे त्या माणसानं लक्षात ठेवलं होतं.

हिवाळा असा गेला. सकाळी अंगणात दव, लिंबाखाली शेकोटीचा धूर, आणि त्या धुरात एका पायावर उभ्या राहिलेल्या, डोळे मिटलेल्या जाऊबाई. हळूहळू दोन हातांचा आधार एका हातावर आला. मांडीत मांस धरू लागलं. तेल लावताना मला हाताला कळायचं. पाय देऊन झाला की त्या लगेच बाजेवर न जाता लिंबापर्यंत जायच्या, मग गोठ्यापर्यंत. मधे एकदा हौसेनं जास्त चालल्या आणि गुडघा तापला, तेव्हा डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे मी दम घ्यायला लावला आणि भासऱ्यांची उसणही त्या दिवसांपुरती बरी झाली. इतकं शहाणं दुखणं मी दुसरं पाहिलं नाही. वेशीपर्यंत मात्र त्या अजून गेल्या नव्हत्या, आणि मळा वेशीच्या पुढं. "तथी नाही जमनार," म्हणायच्या. "अंगनात मी त्यायच्यासाठी उठते. वाटेवर कोनासाठी उठू?"

संक्रांत होऊन गेली होती. त्या सकाळी धुकं थेट अंगणात उतरलं होतं, घाटातल्यासारखं. गोठा दिसत नव्हता. भासरे पडले, "उजव्या अंगाले," म्हणाले. जाऊबाईंनी एक हात चौकटीला लावला, डावा पाय उचलला. उंबरा दवानं ओला होता. तोल थोडा गेला आणि पाय उजवीकडे पडायच्या ऐवजी डावीकडे, कमरेच्या वर पडला.

भासरे कण्हले नाहीत. त्यांचा श्वास बंद झाला. हाताची बोटं मातीत रुतली.

जाऊबाईंनी पाय उचलला नाही. त्यांचे डोळे मिटले, आणि चेहरा तो जुना, लांब गेलेला झाला. तळवा हळूहळू सरकला, थांबला, परत आला.

"हे काय हाय?" त्या म्हणाल्या.

भासऱ्यांनी मातीत मूठ आवळली.

"हे सोंग नोहे. हे आजचं नाही, कालचं नाही. दगड झाला याचा." त्यांचा आवाज चढला. "काय झालतं अथी?"

"नाडा तुटलता," भासरे मातीत बोलले. "धावेवर पडलो."

"कधी?"

"तू नवी होती."

मी चुलीपाशी उभी होते. रीतीप्रमाणे तिथून निघून जायला हवं होतं, मी गेले नाही. नवी होती, म्हणजे माझ्या लग्नाच्याही किती आधी. तेव्हापासून हा माणूस त्या पाठीनं मोट हाकत होता, धावेवर उतरत होता, चढत होता.

"साऱ्या गावाची पाठ पाह्यली म्या," जाऊबाई म्हणाल्या, आणि आता त्या उघड रडत होत्या. "तुमी घरात होते. काऊन नाही सांगतलं? येवढी लाज होती बायकोच्या पायाची?"

"लाज कायची?" भासरे म्हणाले. मग म्हणाले, "तूच म्हने ना, दुखनं पायात उतरते. मले माहं तुह्या पायात नव्हतं घालाचं."

आमचं सगळं घर, सगळं गाव त्या माणसाला इतकी वर्षं गर्विष्ठ म्हणत आलं होतं, आणि त्यानं मिशीला हात लावून ते म्हणू दिलं होतं.

"अन् आता?" जाऊबाईंनी विचारलं. "आता काऊन आले पायाखाली?"

"डॉक्टर म्हनला, उतरत नाही. दोनदा इचारलं त्याले."

"अन् खोटं निघालं असतं तं?"

"म्हनून तं उजवी बाजू देत होतो," ते म्हणाले. "डावीकडं तू येऊ नये म्हनून."

जाऊबाईंनी पदरानं डोळे पुसले. पुसायला चौकटीवरचा हात लागला, आणि तो पुन्हा चौकटीकडे गेला नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या, उजव्या पायावर, आणि डाव्या टाचेनं त्या दगडाच्या कडेकडेनं दाबू लागल्या, थोडं दाबायचं, थोडं सोडायचं. भासऱ्यांची बोटं मातीतून हळूहळू सैल झाली. धुक्यातून मळ्याकडून मोटेच्या वेळेची हाक आली, ती कोणी घेतली नाही. मी पुढं होऊन म्हटलं, "जाऊबाई, चौकट धरा, पडाल."

"श्श," त्या म्हणाल्या. "झोपले ते."

खरंच झोपले होते, तोंड उघडं टाकून. त्या पाठीला उताणं, कुशीवर, कशीच नीट झोप येत नसे, हे पुढं आम्हाला कळलं. पाय काढला तर जाग येईल, म्हणून जाऊबाई एका पायावर, कशालाही न धरता, धुकं विरून अंगणात ऊन येईपर्यंत उभ्या राहिल्या. उतरल्यावर त्यांनी गुडघा चोळला, काठी मागितली आणि मला म्हणाल्या, "मळ्यात जाते मी. मोटेचं कोन पाहीन? त्यायले निजू दे."

मी त्यांच्या मागं मागं गेले. वेशीपाशी त्या दम खायला थांबल्या, आणि मग पुढं चालू लागल्या.